शंभर कोटीवं पद आणि लूप
अरे, पहिली तीन पदं दिलीत, श्रेढी अंकगणिती (फरक सारखा) की भूमिती (गुणोत्तर सारखं) ते ओळखून पुढच्या पदाला दिलेल्या संख्येने भागून बाकी सांगायची, आणि तू शंभर कोटीव्या पदासाठी लूप फिरवून एकेक पद मोजतोस? राजवाड्यावरून शेजारच्या सराफ्यात जायला अख्ख्या इंदूरला प्रदक्षिणा झाली ही! भूमिती श्रेढीत गुणोत्तराचा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग असं कर. तिसेक वर्गांत भागतं. दर गुणाकारानंतर लगेच बाकी काढ, व्हेरिएबल ६४ बिटांचं ठेव, म्हणजे गुणाकार त्यात मावेल.

पण श्रेढी ओळखण्याआधी बाकी काढू नकोस. मी यातच एक रात्र घालवलीये. ३, ६, १२ घे. ७ ने भागून बाकी घेतलीस तर ३, ६, ५. ना फरक सारखा दिसतो, ना गुणोत्तर. मूळ पदंच तपास: ३ + १२ म्हणजे ६ ची दुप्पट? नाही. ३ × १२ म्हणजे ६ चा वर्ग? हो. मग पाचवं पद ४८, बाकी ६.

५, ५, ५ आलं तर अंकगणिती धर की भूमिती, उत्तर तेच. उतरत्या अंकगणिती श्रेढीत सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा ऋण बाकी देते, तिथे ७ मिळव.