जुन्या होडीचे पाणी जोखताना

प्रश्न : नाथसागरात मासेमारीसाठी किनारपट्टीवरून आलेली, रिवेट मारलेली अ‍ॅल्युमिनियमची जुनी होडी मिळत आहे. तळातून थोडे पाणी झिरपते. ती घ्यावी का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : केवळ झिरपते म्हणून होडी नाकारू नये. सौद्यापूर्वी ती लाकडी ओंडक्यांवर नीट टेकवून आत वीतभर पाणी भरावे आणि खाली वाकून, जिथे थेंब धरेल तिथे खडूने खूण करावी. सैल रिवेटच्या डोक्याला एकाने जड लोखंड टेकवून धरावे आणि दुसऱ्याने उलट बाजूने ठोकावे. बहुतेक गळती एवढ्यानेच थांबते.

खरी भीती खाऱ्या पाण्याची आहे. लोखंडी बोल्ट किंवा तांब्याची तार टेकलेल्या जागी पांढरी भुकटी दिसल्यास ती खरवडावी, आणि खाली पत्रा आरपार खाल्लेला अनेक ठिकाणी आढळल्यास होडी भंगाराच्या भावातही घेऊ नये. किरकोळ भेगेला आर्गॉन वेल्डिंगच करून घ्यावे, कारण अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला, रंग न बदलताच वितळते आणि नवख्या हाताने भेगेचे भगदाड होते. तांबेयुक्त रंग मात्र, विक्रेता कितीही आग्रह करो, तळाला लावू नये.