लिनक्स सर्व्हरवर लॉग (घडामोडींच्या नोंदी) येणं मधेच बंद होतं, रिस्टार्ट केल्यावर परत येतात. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा) रोज आरसिसलॉग (लॉग गोळा करणारा प्रोग्राम) रिस्टार्ट केला तर चालेल का?

नाही चालणार. लॉगिंग खरंच तुंबलं तर क्रॉन पण अडकतो, कारण जॉब चालवताना तोही सिसलॉगला, म्हणजे सिस्टीमच्या लॉगला, एक ओळ लिहितो. मग तुमचा रिस्टार्ट करणार कोण?

डोळ्यांनी बघितलंय म्हणून ठासून सांगतोय. सेंटओएस ६ चा काळ. एका क्लायंटकडून रात्री फोन, सर्व्हर हँग झालाय म्हणे. पिंग येतोय, सीपीयू निवांत, मेमरी रिकामी, पण नवीन एसएसएच (दुरून केलेलं) लॉगिन होईना, पासवर्ड टाकला की नुसतं बघत बसायचं, कन्सोलवर पण तेच, एसयू (यूजर बदलायची कमांड) पण तेच. नशिबाने एकाच्या लॅपटॉपवर रूटचं सेशन आधीपासून उघडं होतं. त्यातून अडकलेल्या एसएसएचडीला (एसएसएच लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) एसट्रेस लावला, म्हणजे तो कुठे अडकलाय ते बघितलं, तर तो डेव्ह-लॉगच्या सॉकेटवर (प्रोग्राम लॉग देतात ती खिडकी) लिहायला थांबलेला. पलीकडून कोणी वाचत नसेल आणि सॉकेट भरलं की लिहिणारा जागच्या जागी उभा राहतो.

आता आरसिसलॉग वाचत का नव्हता, तर सेंट्रल लॉग सर्व्हर बंद पडला होता. तिथल्या सीनियर साहेबांचा हट्ट, एकही लॉग हरवता कामा नये, म्हणून टीसीपी फॉरवर्डिंग (पोचल्याची खात्री करत लॉग तिकडे पाठवणं) आणि रिट्राय काउंट उणे एक, म्हणजे मरेपर्यंत प्रयत्न करत राहा. कॉन्फिग फाइलच्या शेवटी हा नमुना कॉमेंट करून दिलेलाच असतो, साहेबांनी त्यातल्या खालच्या दोन ओळी उघडल्या आणि वरच्या क्यूच्या (न गेलेल्या मेसेजच्या रांगेच्या) ओळी तशाच कॉमेंटमध्ये ठेवल्या. झालं, मेन क्यू भरली, आणि ती भरली की आरसिसलॉग एकेका मेसेजमागे दोन-दोन सेकंद थांबतो आणि मग तो मेसेज फेकूनच देतो! म्हणजे लॉग गेले ते गेलेच, वर सर्व्हर पण गेला. मी क्यू लावा म्हणून आधीच मेल टाकला होता, त्यावर उत्तर काय, तर "डिस्क उगाच भरेल". नंतरच्या मीटिंगमध्ये खापर नेटवर्कवाल्यांवर फुटलं.

तर फॉरवर्डिंग असेल तर त्या अ‍ॅक्शनला स्वतःची लिंक्डलिस्ट (मेमरीतली) क्यू द्या, क्यूला फाइलचं नाव द्या म्हणजे गरज पडली की डिस्कवर उतरेल, आणि मॅक्स डिस्क स्पेस घाला, एक जीबी बास होतं. एवढं करायचं नसेल तर सरळ यूडीपी (पोचलं की नाही न बघता पाठवणं) वापरा, चार ओळी हरवल्या तर हरवल्या. लॉगसाठी सर्व्हर नसतो, सर्व्हरसाठी लॉग असतो, हे मी त्या साहेबांना आजही तोंडावर सांगेन.

तुमचं दुखणं कदाचित हे नसेलही. नव्या सिस्टीमवर डेव्ह-लॉग जर्नलडी (सिस्टीमडीचा लॉग गोळा करणारा भाग) वाचतो, त्यामुळे असं लॉगिन अडकणं बरंच कमी झालंय. तिथे आधी रेट लिमिट (ठराविक वेळात किती मेसेज घ्यायचे ती मर्यादा) बघा: जर्नलडीचं डिफॉल्ट 30 सेकंदांत 10000 मेसेज, आयएमजर्नलचं (जर्नलमधून लॉग घेणारा आरसिसलॉगचा भाग) 600 सेकंदांत 20000, त्यापुढचे सरळ टाकून देतात. जर्नलमध्ये "सप्रेस्ड" शोधा, सापडलं तर बडबड करणारी सर्व्हिस आधी गप्प करा, लिमिट नंतर वाढवा. आणि लॉगरोटेटनंतरच (जुन्या लॉग फाइल बाजूला काढणारा प्रोग्राम) बंद पडत असेल तर डीएफ आणि डीयूचे (डिस्क किती भरलीय ते सांगणाऱ्या कमांड) आकडे जुळतात का बघा, डिलीट झालेली जुनी फाइल कोणीतरी धरून बसलेला असतो, एलसॉफमध्ये (उघड्या फाइल दाखवणारी कमांड) दिसेल.

बँक किंवा ऑडिटवालं काम असेल तर यूडीपीचं माझं ऐकू नका, तिथे डिस्कवाली क्यूच लावा.