वाचकांचे प्रश्न : एक्सेलमधला टेस्ट डेटा व्हेरिएबलमध्ये येताना का बदलतो?

प्रश्न : आमच्याकडे कर्जअर्जाच्या संकेतस्थळाच्या चाचण्या पायथन ही प्रोग्रामिंग भाषा, ब्राउझर आपोआप हाताळणारे सेलेनियम आणि चाचण्या चालवणारे पायटेस्ट यांच्या साहाय्याने स्वयंचलित केल्या आहेत. टेस्ट डेटा, म्हणजे चाचणीत भरायची माहिती, एक्सेल फाइलमध्ये असतो आणि पायथनच्या पांडाज लायब्ररीने वाचून तो आम्ही व्हेरिएबलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमधल्या मूल्य ठेवण्याच्या जागेत, घेतो. मात्र मोबाइल क्रमांकाच्या शेवटी कधी ‘.०’ लागते, खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्ये जातात, कार्ड क्रमांक अवैध ठरतो, आणि एका सहकाऱ्याच्या संगणकावर भरलेल्या जन्मतारखांवर चाचण्या पास होतात, तर दुसऱ्याने भरलेल्या तारखांवर फेल. स्क्रिप्टमध्ये जागोजागी दुरुस्त्या करून आम्ही थकलो आहोत. यावर उपाय काय?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आपण वर्णन केलेल्या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे. सेलमध्ये भरलेला मजकूर संख्या आहे, तारीख आहे की नुसती अक्षरे आहेत, हे आपण ठरवलेले नसल्यामुळे ते आधी एक्सेल आणि मग पांडाज आपापल्या अंदाजाने ठरवतात.

कार्ड क्रमांकाचे उदाहरण पाहू. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच सार्थ अंक (म्हणजे डावीकडून पहिले पंधरा) जपते. त्यामुळे चाचणीसाठी सर्रास वापरला जाणारा ४१११११११११११११११ हा सोळा अंकी क्रमांक साध्या सेलमध्ये टाइप केला, की शेवटच्या १ च्या जागी ० येतो. कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक हा पडताळणीचा अंक असतो, म्हणून संकेतस्थळ तो क्रमांक नाकारते आणि ते योग्यच करते. चूक डेटाची असते. नंतर सेलचे स्वरूप ‘टेक्स्ट’ केले तरी गेलेला अंक परत येत नाही. ते टाइप करण्याआधीच करावे लागते. खाते क्रमांकाच्या शून्यांनाही हेच लागू आहे.

‘.०’ मात्र पांडाजच्या अंदाजामुळे लागते. मोबाइलच्या रकान्यात एखादा सेल रिकामा असेल, तर पांडाज सबंध रकाना दशांश संख्यांचा मानते आणि त्याचे पुन्हा अक्षरांत रूपांतर करताना प्रत्येक क्रमांकाला ‘.०’ चिकटते. एका ओळीतली रिकामी जागा अशी सगळ्याच ओळी बिघडवते, म्हणून हा दोष ‘कधी कधी’ दिसतो.

तारखांचा घोळ सर्वांत फसवा आहे. ०५/०६/२०२४ ही नोंद भारतीय मांडणीच्या संगणकावर ५ जून ठरते आणि अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ६ मे. त्याच अमेरिकी मांडणीत १३/०६/२०२४ ही तारीखच ठरत नाही, ती अक्षरे म्हणूनच राहते. संकेतस्थळ चुकीची तारीख नाकारते का, हे तपासण्यासाठी आपण मुद्दाम ३०/०२/२०२४ लिहिली असेल, तर तीही अक्षरेच राहते, आणि एकाच रकान्यात दोन प्रकारचा डेटा जमा होतो.

म्हणून सर्व रकाने आधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावेत, तारखा २०२४-०६-०५ अशा वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहाव्यात, आणि फाइल वाचताना पांडाजला सर्व रकाने स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरे, म्हणूनच घेण्याची स्पष्ट सूचना द्यावी. त्याचबरोबर रिकाम्या जागांचा आपोआप अर्थ लावणेही बंद करावे, नाहीतर ‘एनए’ अशी रोमन अक्षरे मुद्दाम भरलेला सेलसुद्धा रिकामा समजला जातो. संख्या किंवा तारीख जिथे खरोखर लागते तिथले रूपांतर एकाच फंक्शनमध्ये करावे. रकाने क्रमाने न ओळखता शीर्षकाने ओळखावेत, आणि अपेक्षित शीर्षक सापडले नाही तर पहिली चाचणी सुरू होण्यापूर्वीच स्क्रिप्टने थांबून तसे सांगावे. मधे कोणीतरी नवा रकाना घातल्यामुळे आडनावाच्या जागी पिनकोड जाणे, आणि तरीही चाचणी पास होणे, हे फेल होण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे.

एकाच टेस्टमध्ये लूप लावून सगळ्या ओळी फिरवत असाल, तर तेही सोडावे. एकच टेस्ट वेगवेगळ्या डेटावर चालवणाऱ्या पायटेस्टच्या पॅरामेट्राइझ सोयीने प्रत्येक ओळ स्वतंत्र टेस्ट होते, आणि तिसरी ओळ फेल झाली तरी चौथी चालते.

प्रश्न : कर्जाचा मासिक हप्ता आम्ही सूत्राने काढतो. एक्सेलमध्ये तो दिसतो, पण स्क्रिप्टने तयार केलेल्या फाइलमधून वाचताना व्हेरिएबल रिकामे येते. असे का होते?

उत्तर : पांडाज सूत्र सोडवत नाही, एक्सेलने शेवटचे जतन केलेले उत्तर उचलते. स्क्रिप्टने लिहिलेली फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केलेलीच नसेल, तर उचलायला उत्तरच नसते. शिवाय दिसणारा आकडा आणि साठवलेला आकडा एक असतोच असे नाही. एक लाख रुपये, वार्षिक १२ टक्के दर आणि १२ महिने यांचा हप्ता सेलमध्ये ८,८८५ दिसत असला, तरी आत ८८८४.८७८९… असतो. माझे स्पष्ट मत असे, की अपेक्षित उत्तर सूत्रात ठेवूच नये. ते एकदा स्वतंत्रपणे पडताळून, पैशांपर्यंत पूर्णांकित करून, ८८८४.८८ असे थेट लिहावे.