शंख डावा की उजवा

कोल्हापूर

चि. मुलीस,

तुझे फोटो काल रात्री पाहिले. नागपूरकडच्या त्या गाळाच्या दगडातून दोन मिलीमीटरचा शंख न मोडता सोडवलास, हात चांगला बसलाय तुझा. पण फोटोखाली जमिनीवरच्या गोगलगायीचं नाव लिहिलंस, ते तूर्त खोड.

शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजवीकडे आलं तर उजवा, डावीकडे आलं तर डावा. पूजेतल्या शब्दावर जाऊ नकोस. दक्षिणावर्ती म्हणून जो दुर्मीळ शंख मानतात, तो आपल्या शास्त्रात डावा ठरतो.

तुझा शंख फोटोत डावा दिसतो. मग पहिला संशय फायसाचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जी तळी होती, त्यांच्या गाळात ही गोड्या पाण्यातली गोगलगाय मुबलक सापडते, आणि ती डावीच. तिचं पिल्लू दोन मिलीमीटरचं असू शकतं. जमिनीवरच्या बऱ्याच बारक्या गोगलगायींच्या तोंडाचा काठ पूर्ण वाढ झाल्यावरच जाड होतो, काहींना आत दातही येतात. तुझ्या शंखाचा काठ पातळ आहे. म्हणजे वाढ पुरी झालेली नसेल, किंवा काठ तुटला असेल. फोटो मोठा करून पाहा, तुटलेली कड खरबरीत दिसते.

त्याआधी आणखी एक. मी स्वतः एक शंख महिनाभर डावा समजून चाललो होतो. संगणकावर फोटो आरशासारखा उलटला होता, माझ्या लक्षातच आलं नाही. डबी उघडून शंख भिंगाखाली धरला तेव्हा घामच फुटला. तेव्हापासून शंखाशेजारी मोजपट्टी आणि नमुन्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवूनच फोटो काढतो. फोटो उलटला की आकडे उलटे दिसतात.

टोकाकडचं पहिलं वेटोळं जप. ते अंड्यातच तयार झालेलं असतं आणि त्यावरची नक्षी पुढच्या वेटोळ्यांहून वेगळी असू शकते. ती नीट पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, पण त्यासाठी बहुधा सोन्याचा मुलामा द्यावा लागतो आणि तो सहज निघत नाही. तुझ्याकडे एकच नमुना आहे, तेव्हा मुलाम्याची घाई नको. आधी मायक्रो-सीटी, म्हणजे क्ष-किरणांनी बारीक वस्तूचं आतलं रूप दाखवणारा स्कॅन. म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेल्या गोगलगायी अशाच न फोडता तपासल्या गेल्या. आपल्या दगडात ते इतकं सोपं नाही. तोंडात चुनखडीचा गाळ भरला असेल तर शंखही त्याच चुन्याचा, दोन्ही स्कॅनमध्ये सारखेच करडे दिसतात. तरी करून पाहू.

पाऊस लागला की पन्हाळ्याच्या तटाखालचा पालापाचोळा चाळून रिकामे शंख गोळा कर. जिवंत जातींचे पन्नास शंख हाताखालून गेले की जुन्यातला फरक डोळ्याला आपोआप कळायला लागतो.

शनिवारी ये. येताना डबी आण, फोटो नको.

तुझे सर