वाचकांचे प्रश्न : नव्या दिग्दर्शकांच्या निःशुल्क कार्यशाळेचा अर्ज

नव्या दिग्दर्शकांना फी न घेता शिकवणाऱ्या कार्यशाळांबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथं घेतले आहेत. नियम कार्यशाळेगणिक बदलतात. आमचं उत्तर आणि अर्जासोबतची सूचना यांत फरक दिसला तर सूचना खरी मानावी.

‘शिकवण्याची फी नाही’ असं जाहिरातीत आहे. म्हणजे पदरचं काहीच घालावं लागणार नाही ना?

लागू शकतं. फी नाही याचा अर्थ शिकवण्याचे पैसे घेणार नाहीत, इतकाच. अर्ज तपासायचं वेगळं शुल्क असू शकतं. प्रवास आणि राहणं कुणाकडे, हे पाहा. खरी मेख असते ती कार्यशाळेत करायच्या शॉर्टफिल्मच्या खर्चात. काही ठिकाणी कॅमेरा, लाइट आणि एडिटिंग रूम मिळते, पण नटांचं मानधन, जेवण, लोकेशन आणि गाडी तुमची. काही ठिकाणी फिल्मचे सगळेच पैसे तुम्ही उभे करायचे असतात, आणि वर कमाल मर्यादाही घातलेली असते. पैसे मिळाले म्हणून जास्त खर्च केलेला चालत नाही. बजेटमध्ये आकस्मिक खर्चासाठी दहा टक्के बाजूला ठेवा. ते नसलेलं बजेट पाहून निवड समिती ओळखते, की या माणसानं शूटिंगचा दिवस लांबलेला पाहिलेला नाही.

दोन गोष्टी बारीक अक्षरात असतात. एक म्हणजे हजेरी. वर्ग पूर्ण वेळ असतील तर तेवढे आठवडे कमाई बंद, आणि ‘मधे दोन दिवस काम करून येतो’ हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. दुसरी, तयार फिल्मचे हक्क कुणाचे, ती महोत्सवांना कोण पाठवणार आणि त्याचं शुल्क कोण भरणार. हे निवड झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही, अर्जाआधी विचारा.

सहा वर्षं सहाय्यक दिग्दर्शक आहे. स्वतःची एकच शॉर्टफिल्म आहे. अर्ज ‘उदयोन्मुख’ दिग्दर्शकांसाठी आहे, मी त्यात बसते का?

बसता. ‘उदयोन्मुख’ हे दिग्दर्शक म्हणून मोजतात, सिनेमाच्या धंद्यातली वर्षं मोजत नाहीत. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं १९७४ मध्ये स्त्रियांसाठी दिग्दर्शन कार्यशाळा सुरू केली. तिच्या पहिल्या तुकडीत एलेन बर्स्टिन आणि ली ग्रँट या तेव्हाच नावाजलेल्या अभिनेत्री होत्या, लेखिका माया अँजेलोही होत्या. अडचण येते ती दिग्दर्शक म्हणून पूर्ण लांबीचा चित्रपट प्रदर्शित झाला असेल तर, आणि काही ठिकाणी पूर्ण वेळ विद्यार्थी असाल तर. जाहिराती, म्युझिक व्हिडिओ यांचं काय धरतात ते लेखी विचारून घ्या.

फक्त एक ध्यानात ठेवा. सहाय्यक म्हणून केलेली कामं अनुभवाच्या रकान्यात लिहा, स्वतःच्या दिग्दर्शनाचा नमुना म्हणून पाठवू नका. त्या फिल्ममधला शॉट तुम्ही लावला असेलही, पण कुठे कट करायचं हे दुसऱ्यानं ठरवलंय.

नमुना पाच मिनिटांचा मागितलाय, माझी फिल्म चौदा मिनिटांची. शोरील (निवडक शॉट्सची जोडफिल्म) करू की एक भाग पाठवू?

सलग भाग पाठवा. गाण्यावर कापलेल्या शोरीलमध्ये छायालेखकाचं आणि एडिटरचं काम दिसतं. नटाकडून काय काढून घेतलं आणि दृश्यातला वेळ कसा सांभाळला, हे त्यात दिसायला जागाच नाही. आणि समिती नेमकं तेच शोधत असते.

कोणता भाग? सगळ्यात देखणा नव्हे. जिथं तुम्ही एक स्पष्ट निर्णय घेतलाय तो. समजा, दोन भावंडं रिकामं होत चाललेलं घर आवरतायत. भाऊ बोलतोय, बहीण किल्ली शोधतेय. कॅमेरा भावावर ठेवला की दृश्य संवादाचं होतं. तोच कॅमेरा बहिणीच्या हातांवर ठेवला, भावाचा आवाज फ्रेमबाहेरून येऊ दिला आणि किल्ली सापडूनही तिनं ती मुठीत दडवली, तर संवाद एकही न बदलता दृश्य बहिणीचं होतं. असं काही तुमच्या चौदा मिनिटांत असेल तर तिथूनच सुरुवात करा. ड्रोनचा शॉट, निर्मितीसंस्थेची चिन्हं, काळ्या पडद्यावरची नावं हे सगळं काढा. अर्ज शेकड्यांनी येतात, पहिलं दीड मिनिट वाया घालवलं तर पुढचं कुणी मन लावून बघेल याचा भरवसा नाही. मधलाच भाग असेल तर सोबत दोन ओळींत संदर्भ द्या : हे कोण, आधी काय घडलं. पुढे काय होतं ते नको.

चित्र थोडं दाणेदार असलं तर खपून जातं, आवाज खराब असला तर नाही. नेहमीची चूक अशी : कॉलरचा माइक एकाच चॅनलवर रेकॉर्ड झालेला असतो आणि संवाद फक्त डाव्या कानात येतो. एडिटिंगच्या वेळी हेडफोनमध्ये सवय होऊन जाते, लक्षात येत नाही. तो ट्रॅक मोनो करून मध्यावर आणा. दुसरी चूक, प्रत्येक कटला मागचा आवाज बदलतो, कारण शूटिंगच्या जागी तीस सेकंदांचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घेतलेला नसतो. आता पुन्हा जाता येत नसेल तर टेकमधल्या ‘अ‍ॅक्शन’च्या आधीच्या शांत जागा जोडून तो बनवा आणि सगळ्या दृश्याखाली अंथरा. संवादाखालचं संगीत तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तीन-चार डेसिबलनं खाली घ्या. शेवटची तपासणी साध्या लॅपटॉपच्या स्पीकरवर करा, समितीतले बरेचजण तिथंच ऐकणार आहेत.

फाइल १९२० बाय १०८० पिक्सेल, एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) शूट केला तोच ठेवा. २५ चं २४ किंवा ३० केलं की कॅमेरा पॅन होताना चित्र अडखळतं. सबटायटल चित्रातच उमटवलेले द्या, एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसेक अक्षरं. लिंकला मुदत घालू नका, निकाल लागेपर्यंत ती उघडली पाहिजे. पासवर्डमध्ये शून्य आणि इंग्रजी ओ शेजारी शेजारी नकोत. मग लिंक दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता, उघडून पाहा. स्वतःच्या संगणकावर ती नेहमीच उघडते.

दिग्दर्शकाचं मनोगत एका पानाचं हवंय. चार वेळा लिहिलं, दर वेळी भाषणच होतं.

कारण तुम्ही सिनेमाबद्दल लिहिताय, या सिनेमाबद्दल नाही. ‘लहानपणापासून सिनेमाचं वेड’, ‘समाजाला आरसा दाखवायचाय’, ‘स्त्रीच्या भावविश्वाचा वेध’ ही वाक्यं कुठल्याही अर्जात चिकटवता येतात. हीच कसोटी लावा : वाक्य उचलून दुसऱ्याच्या मनोगतात ठेवलं आणि तिथंही चाललं, तर खोडा.

एक उदाहरण. ‘ही फिल्म एकटेपणाचा शोध घेते’ याऐवजी : ‘आई निवृत्त झाल्यावरही पहाटे पाचचा गजर लावते. फिल्म तिच्या पहिल्या सात पहाटांची आहे. घराबाहेर कॅमेरा जात नाही, कारण बाहेर जायचं कारणच तिच्याकडे उरलेलं नाही. संगीत नाही, गजर, नळ आणि शेजारचं दार एवढेच आवाज.’ चार वाक्यांत पात्र, रचना, कॅमेरा आणि आवाज आले. त्यापुढे एका परिच्छेदात ही गोष्ट तुमच्या हाती का, आणि शेवटी या कार्यशाळेत नेमकं काय शिकायचंय. तिथं ‘खूप काही’ असं लिहू नका. ‘बिनव्यावसायिक नटांबरोबर तालीम कशी घ्यावी ते मला जमत नाही’ असं लिहा. उणीव कबूल केल्यानं अर्ज पडत नाही. ज्याला सगळंच येतं त्याला जागा का द्यावी, असा प्रश्न मात्र पडतो.

आणि मनोगत, पटकथा, नमुना एकमेकांशी बोलले पाहिजेत. मनोगतात शांततेची महती आणि नमुन्यात सलग पार्श्वसंगीत, हा विरोध पहिल्या फेरीतच दिसतो.

दहा पानांची पटकथा मागितली आहे. मराठीत लिहिलेली दहा पानं म्हणजे दहाच मिनिटं का?

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब ‘कुरियर’ हा इंग्रजी फाँट, १२ पॉइंट आणि ठरलेल्या समासांवर बेतलेला आहे. देवनागरीत फाँट आणि ओळींमधलं अंतर बदलतं, तो जुळेलच असं नाही. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, हालचालींना खरोखर लागतो तेवढा वेळ थांबून. ‘ती जिना चढते’ हे वाचायला एक सेकंद, चढायला वीस.

समिती पटकथा वाचताना मनात शूटिंगही मांडते. छोट्या युनिटनं दिवसाला तीन ते पाच पानं होतात. तीन दिवस मिळणार असतील आणि तुमच्या दहा पानांत सात लोकेशनं, रात्रीचा पाऊस, लहान मूल आणि कुत्रा असेल, तर गोष्ट कितीही चांगली असो, होणार नाही हे वाचणाऱ्याला कळतं. युनिट एका जागेहून दुसरीकडे हलवायचं म्हणजे सहज दोन तास गेले. दोन लोकेशनं एका घरात बसवता येतात का बघा.

कथा दुसऱ्याची असेल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी अर्जाआधी हवी. ‘तोंडी बोलणं झालंय’ हे धरत नाहीत. इंग्रजी प्रत मागितली असेल तर संवाद बोलीतून शब्दशः उलथू नका. पात्र काय लपवतंय ते पोहोचलं पाहिजे, म्हण पोहोचली नाही तरी चालेल.

शिफारसपत्र मोठ्या नावाचं घ्यावं की ओळखीच्या माणसाचं?

ज्यानं तुम्हाला सेटवर काम करताना पाहिलंय त्याचं. एडिटर किंवा मुख्य नटही चालतो. ‘गुणी व होतकरू’ एवढंच लिहिणाऱ्या मोठ्या सहीपेक्षा ‘लोकेशन ऐनवेळी हातचं गेलं तेव्हा हिनं अर्ध्या तासात दृश्य एका खोलीत बसवलं’ हे लिहिणारं पत्र जड पडतं. मुदतीच्या तीन आठवडे आधी मागा, सोबत पटकथा आणि मनोगत पाठवा. पत्र त्यांनीच थेट अपलोड करायचं असेल तर आठवण करणं तुमच्याकडे.

मुदत ‘रात्री ११:५९’ लिहिलीय. कुणाच्या रात्री?

आयोजकांच्या, दुसरं काही लिहिलं नसेल तर. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथं वेळेतला फरकही बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा हिशेब वापरू नका. दोन दिवस आधी पाठवा. शेवटच्या तासात अपलोड ९९ टक्क्यांवर अडकतं, आणि पीडीएफचं नाव ‘फायनल नवीन २’ आहे हे तेव्हाच दिसतं. नावात तुमचं आडनाव, फिल्मचं शीर्षक आणि दस्तऐवजाचा प्रकार एवढं पुरे. पोच मिळाल्याशिवाय अर्ज गेला असं समजू नका.

मागच्या वेळी मुलाखतीपर्यंत गेलो आणि नाकारलं. तीच फिल्म पुन्हा पाठवू का?

नियमात मनाई नसेल तर प्रकल्प पुन्हा पाठवायला हरकत नाही. समितीतली माणसं बदलतात. काय बदललं ते दोन ओळींत लिहा. नमुना मात्र नवा हवा, निदान नव्यानं संकलित केलेला. अभिप्राय एकदाच मागा. देत नाहीत म्हणाले तर विषय सोडा.

मुलाखतीत अडलात कुठे, ते आठवा. ‘अर्धे पैसे मिळाले तर काय काढाल?’ हा ठरलेला प्रश्न आहे, आणि ‘काहीच काढता येणार नाही’ हे चुकीचं उत्तर. कोणतं दृश्य काढाल आणि त्यातली कोणती माहिती कुठे हलवाल, हे आधी ठरवून जा.

नव्या नमुन्यासाठी मोठा खटाटोप लागत नाही. एक खोली, दोन नट, तीन पानं, एक दिवस. आदल्या दिवशी तालीम. मास्टर शॉट, म्हणजे अख्खं दृश्य दिसणारा शॉट, आधी घ्या, मग ज्याचं दृश्य आहे त्याच्या बाजूचे क्लोजअप, नट ताजे असताना. समोरच्याचे नंतर. रूम टोन घेतल्याशिवाय पॅकअप म्हणू नका.