निकाराग्वाचे बुन्युएलो तेलात का विरघळतात?

बुन्युएलो म्हणजे किसलेल्या युकात चीज घालून तळलेले, पाकासोबत खायचे गोळे. ते विरघळले तर बहुतेकदा दोष किसातल्या पाण्याचा असतो. युका म्हणजे कसावा, ज्याच्या स्टार्चपासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. सोललेला अर्धा किलो कंद बारीक किसून फडक्यात घट्ट पिळा. खाली भांडं ठेवा. पाण्याच्या तळाशी बसलेला पांढरा साका परत किसात घाला, बांधणी त्याचीच. मग १५० ग्रॅम खारट, कोरडं चीज (पनीर चालेल, पण मीठ घाला), १ अंडं, अर्धा चमचा बेकिंग पावडर. गोळे लिंबापेक्षा लहानच ठेवा. तेल फार तापलं की बाहेरून करपतात, आत कच्चे राहतात, आणि कच्चा कसावा पोटात जाऊ नये. मध्यम आचेवर तळा. वरून दालचिनी-लवंगेचा पातळसर पाक. एकतारी नको, तो मुरत नाही.