शिखर मोठं म्हणून संकेत ठरत नाही

अनेक आशीर्वाद.

तुझा क्रोमॅटोग्राम, म्हणजे गंधातली रसायनं शिखरांच्या रूपात दाखवणारा आलेख, दोनदा पाहिला. लष्करी अळीने कुरतडलेल्या मक्याच्या गंधात 43 शिखरं आली, त्यातलं सर्वांत उंच बीटा-कॅरिओफायलीनचं. अळीत अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाशीला तेच बोलावत असणार असं धरून तू ते शुद्ध रसायन वाय-नळीत, म्हणजे माशीला दोन बाजूंतून एक निवडायला लावणाऱ्या Y आकाराच्या नळीत, ठेवलंस. निम्म्या माश्या डावीकडे गेल्या, निम्म्या उजवीकडे.

यात माश्यांचं काही चुकलेलं नाही. जीसी-एमएस, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र, सांगतं काय आहे आणि किती आहे. संकेत कोणता, ते फक्त कीटक सांगतो. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा लिहिणार आहे.

आधी नमुने. तुझ्याकडे निरोगी रोप आणि खाल्लेलं रोप, एवढेच दोन आहेत. गंध गोळा करायची पिशवी रिकामी ठेवून घेतलेला नमुना कुठे आहे? नुसत्या मातीची कुंडी? ब्लेडने खरवडलेलं रोप? खरवडलेल्या जागी अळीच्या तोंडातला स्राव लावलेलं रोप? रोपाशिवाय नुसती अळी आणि तिची विष्ठा? 1990 मध्ये टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस यांनी मक्यावर दाखवलं की नुसत्या जखमेने टर्पीन (कॅरिओफायलीनसारखी वासाची रसायनं) फारसे सुटत नाहीत, त्याच जखमेवर अळीचा स्राव लावला की भरपूर सुटतात. 1997 मध्ये त्या स्रावातून हा परिणाम घडवणारं व्होलिसिटिन वेगळं काढलं गेलं. त्यांनी खरवडलेलं रोप गाळलं असतं तर जखम आणि अळी यांतला फरक दिसलाच नसता.

वेळही लिहीत जा. हिरव्या पानांचा वास, म्हणजे हेक्सेनाल आणि हेक्सेनॉल, जखम होताच काही सेकंदांत सुटतो. टर्पीन नव्याने बनायला काही तास लागतात, आणि मक्यात ते मुख्यतः उजेडात सुटतात. अळी सोडल्यावर लगेच किंवा रात्री गंध गोळा केलास तर अर्धीच गोष्ट हाती येईल.

पिशवीत कोळशातून गाळलेली हवा मिनिटाला 1 लिटर सोड आणि 0.7 लिटर ओढ. आत येणारी हवा जास्त असली की बाहेरचा वास फटीतून शिरत नाही. वास धरून ठेवायला पोरापॅक क्यू 30 ते 50 मिलिग्रॅम पुरेल. धरलेला वास धुऊन काढायला डायक्लोरोमिथेन 150 मायक्रोलिटर, त्यात आंतरिक मानक (मोजमाप ताडायला ठरावीक मात्रेत टाकलेलं रसायन) म्हणून नोनिल ॲसिटेट 200 नॅनोग्रॅम. तुझ्या यादीतली थॅलेटची दोन शिखरं प्लॅस्टिकची आहेत, सायलोक्सेनचं सेप्टम (इंजेक्टरचं रबरी झाकण) किंवा कॉलममधून (यंत्रातली लांब बारीक नळी) आलेलं. बीटा-एलेमीनवरही भरवसा ठेवू नकोस: गरम इंजेक्टरमध्ये जर्मॅक्रीन-ए ची रचना बदलून तेच तयार होतं. संगणकाच्या यादीतला 90 टक्के मेळ म्हणजे ओळख नव्हे. अल्केन मालिकेवरून धारण-निर्देशांक (रसायन कॉलममधून कधी बाहेर पडतं त्याचा आकडा) काढ आणि प्रमाणित रसायन नमुन्यात मिसळून पुन्हा चालव.

आणि हे सगळं अचूक झालं तरी संकेत अजून सापडलेला नाही. संकेत कीटक सांगतो.

म्हणून पुढची पायरी ईएडी, म्हणजे कीटकाच्या स्पृशेचा (वास घेणाऱ्या मिशीचा) विद्युत प्रतिसाद मोजणं. माशीची स्पृशा सलाइन भरलेल्या दोन काचनळ्यांमध्ये बसव, कॉलममधून येणारा प्रवाह समान विभागून अर्धा डिटेक्टरकडे आणि अर्धा ओलसर हवेतून स्पृशेकडे ने. निदान पाच-सहा स्पृशांत ज्या शिखरावर पुन्हा पुन्हा प्रतिसाद येतो, तेवढीच शिखरं ठेव. बऱ्याचदा ती बुटकी असतात. पण स्पृशेला वास कळला म्हणजे माशी तिकडे जाईलच असं नाही, ती दूरही पळेल. शेवटचा निकाल वाय-नळीतच लागतो.

तिथे पहिला प्रयोग शुद्ध हवा विरुद्ध शुद्ध हवा. एका बाजूला कल आला तर उजेड किंवा प्रवाह बिघडलेला आहे, पुढे जाऊ नकोस. प्रत्येक माशी एकदाच वापर, दर पाच माश्यांनी बाजू बदल, नळी ॲसिटोनने धुऊन भट्टीत तापव. पाच मिनिटांत निवड न करणाऱ्या वेगळ्या मोज. एकाच रोपजोडीवर 40 माश्या तपासल्या तर त्या 40 पुनरावृत्ती नव्हेत, रोपजोडी एकच आहे. माश्यांचं वय आणि अनुभवही नोंदव. अळीत एकदा अंडी घातलेली माशी तो वास शिकते, मग तिचं आणि नवख्या माशीचं उत्तर वेगळं येतं.

एकटं रसायन ठेवलंस, हीही घाई झाली. बाकल्यावरच्या काळ्या माव्याला जी रसायनं मिश्रणात ओढतात, त्यांतली काही एकेकटी दिली की दूर ढकलतात. ईएडीतून निवडलेली सगळी रसायनं रोपातल्याच प्रमाणात मिसळ, रोपाच्याच वेगाने सुटू दे, आणि मग एकेक काढून बघ कोणावाचून माशी येत नाही. रोपातून तासाला नॅनोग्रॅम सुटत असताना मिलिग्रॅम ठेवलास तर माशी कशाला उत्तर देते आहे ते तुलाही कळणार नाही.

मला हट्टी म्हणतात ते मी ऐकून आहे. यंत्राला आधी आणि कीटकाला शेवटी विचारण्यात माझीही वर्षं गेली, म्हणून आवाज चढतो. तुझं काम नेटकं आहे, नोंदी स्वच्छ आहेत, नाहीतर मी एवढं लिहिलंच नसतं.

पुढच्या पत्रासोबत रिकाम्या पिशवीचा क्रोमॅटोग्राम आणि शुद्ध हवा विरुद्ध शुद्ध हवेचे आकडे पाठव. मक्याचं त्यानंतर बघू.